खाडीकाठी गरवताना: पाणी कुणाचं आणि वाट कुणाची?

गरवणारा

नमस्कार मंडळी. खाडीकाठच्या खासगी जमिनी आणि आपण हौशी गळवाले, हा विषय इथे तुकड्यातुकड्यांत बऱ्याचदा येऊन गेला आहे. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय.

निमित्त सिंधुदुर्गातल्या एका खाडीचं. नाव देत नाही, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात उभे राहून आम्ही तांबोशी माशासाठी गरी (गळाचा आकडा) टाकली होती. वर चिऱ्यांचं नवं कुंपण आणि त्याच्या आत पाहुण्यांसाठी बांधलेले बंगले. रखवालदार खाली आला आणि म्हणाला, "साहेबांची हद्द खाडीच्या मध्यापर्यंत आहे, निघा." माणूस सभ्य होता, त्याला सांगितलं होतं तेच तो बोलत होता. पण तो म्हणाला ते कायद्यात बसत नाही आणि ते आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० वाचा. समुद्राचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ, नद्या, ओढे, नाले, तळी, वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी हे सगळं राज्य सरकारचं आहे. अपवाद एवढाच, की कुणाचा त्यावर आधीपासूनचा कायदेशीर हक्क असेल तर. सातबारा काठाच्या जमिनीचा असतो, खाडीच्या तळाचा नसतो. "मध्यापर्यंत आमचं" असं म्हणणाऱ्याने कागद दाखवायला हवा.

आता भरतीरेषा म्हणजे नेमकी कुठली? त्या दिवशी पाणी जिथवर चढलं ती नव्हे. किनारा नियमन क्षेत्राच्या म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेत तिची व्याख्या आहे: उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचतं ती रेषा. नकाशावर ती आखायचं काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राकडे आहे. जागेवर उभं राहून अंदाज घ्यायचा तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानं काठाला सोडलेली काटक्या, शेवाळ आणि प्लॅस्टिकची ओळ बघा. तिच्या खाली चिखलात उभे असाल तर तुम्ही बहुधा कुणाच्याही अंगणात नाही.

खरा पेच पुढेच आहे. पाणी सगळ्यांचं हे मान्य, पण पाण्यापर्यंत पोचायचं कुठून? होडीनं आलात तर प्रश्नच नाही. पायी आलात तर कुणाच्या तरी माडाखालून, कुणाच्या तरी दगडी गडग्याच्या कडेनं यावं लागतं. पाण्यावरचा हक्क त्या वाटेवर आपोआप चढत नाही. जाणकारांनी यावर लिहावं.

---

वहिवाट

मी रत्नागिरी जिल्ह्यात वकिली करते. जमिनीचे आणि वाटेचे दावे हेच रोजचं काम. कलम २० बद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. वाटेबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट कुंपणाची. सीआरझेड अधिसूचनेच्या परिशिष्टात किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी आणि रिसॉर्टांसाठी अटी आहेत. खासगी जागेला झाडांचं किंवा तारेचं कुंपण घालायला मुभा आहे, पण त्यामुळे लोकांचा किनाऱ्यावर जायचा मार्ग कुठल्याही प्रकारे अडता कामा नये. दोन रिसॉर्टांमध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा हवी, तीही लोकांना समुद्रापर्यंत जाता यावं म्हणून. बांधकामाची परवानगी घेताना मालकानं या अटी मान्य केलेल्या असतात. त्यामुळे रखवालदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा त्या परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवणं शहाणपणाचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा किनारा समितीची तरतूद आहे आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. तक्रार तिथे लेखी द्या.

दुसरी गोष्ट, गोव्याचा निकाल. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जायची जुनी वाट एका मोठ्या हॉटेलच्या विस्तारात अडली. गावकरी उच्च न्यायालयात जिंकले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम करून वाट खुली ठेवायला सांगितलं. समुद्रकिनारा, वाहतं पाणी अशा गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व त्यात आहे. हेच तत्त्व १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यातही न्यायालयानं मांडलं होतं. वायंगिणीचा निकाल मिळवून वाचा. वाट कशी सिद्ध करावी लागते हे त्यातून कळतं.

तिसरी गोष्ट फौजदारीची, कारण धमकी नेहमी त्याचीच असते. भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ खाली फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नुसतं कुणाच्या जमिनीवर पाय पडला म्हणून हा गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. मालकानं "निघा" म्हटल्यावर तुम्ही शिवीगाळ करत उभे राहिलात, तर तो हेतू तुम्हीच सिद्ध करून देता. उलट, ज्या वाटेनं जायचा तुम्हाला हक्क आहे ती अडवून धरणं हाही कलम १२६ खाली गुन्हा आहे.

---

नारळवाडी

मी दुसऱ्या बाजूचा. आमची वडिलोपार्जित वाडी खाडीला लागून आहे. रिसॉर्ट नाही, आम्ही तिथे राहतो. वरची कायद्याची माहिती वाचली, त्यातलं काहीही अमान्य नाही. फक्त काठावर राहणाऱ्याला काय भोगावं लागतं तेही इथे यावं.

रात्री दोनला अंगणात अनोळखी माणसं आणि डोक्यावरचे दिवे थेट माजघराच्या खिडकीत. माझी आई ऐंशीच्या पुढची आहे, ती दचकून उठते. विचारलं तर उत्तर येतं, "भरतीची वेळ आहे." गाडी खळ्यात लावलेली, त्यामुळे सकाळी भाताच्या पेंढ्या उतरवायला जागा नाही. नारळ पडलेले उचलून नेतात. गळ टाकताना मागे न बघता कांब (गळाची काठी) फिरवतात. एकदा आमच्या वासराच्या कानात गरी अडकली होती.

या सगळ्यानंतर आम्ही गेट लावलं. वाट बंद करायची म्हणून नाही, झोप लागावी म्हणून. कायदा काय सांगतो ते समजून घ्यायची तयारी आहे. तुमची काय तयारी आहे ते सांगा.

---

गरवणारा

नारळवाडी, मनापासून लिहिलंत, आभार. तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे.

रात्रीच्या वेळेबद्दल, वाचकांना कळावं म्हणून सांगतो. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तांबोशी आणि चोणक भरती वळायच्या सुमारास लागतात, म्हणून पंचमीला गळवाला रात्री दोनला येऊन बसतो. पण तिथी आठवडाभर आधी माहीत असते. म्हणजे आदल्या संध्याकाळी काठच्या घरी जाऊन "उद्या पहाटे आम्ही येणार, इतके जण, गाडी रस्त्यावर ठेवू" हे सांगायला काहीच अडचण नसते. मी ज्यांच्याबरोबर जातो त्यांच्यात हा नियम आहे आणि जो पाळत नाही त्याला आम्ही बरोबर घेत नाही.

वाटेत दिवा पायाशी धरायचा. लाल उजेडाचा दिवा मिळतो, तो वापरला तर खिडकीत झोत जात नाही. घराच्या दिशेनं फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर नाहीच. मासा मिळाला तर जाताना ज्यांच्या वाडीतून आलो त्यांना विचारायचं, हवा का. हे मोल म्हणून द्यायचं नाही, ही कोकणातली रीत आहे. मागे दोन माणसं उभी असतील तर कांब डोक्यावरून फिरवायचीच नाही, बाजूनं टाकायची.

---

खाडीतलो

मालवणीत लिहितंय, समजान घ्या. आमची गाबितांची, मासेमारांची वस्ती. ह्या वाटेन आमचो आजो पागाचा जाळा खांद्यार घेवन जाय, बापूस जाय, आता मी जातंय. कोणी कधी विचारल्यान नाय. आता वरच्या जमिनीचो मालक बदललो आणि त्येनी गेट लावल्यानी. रखवालदार वही फुडे करता, म्हणता सही करा आणि जावा. वहीर लिवला हा, "मालकाच्या परवानगीने प्रवेश." सही करूची की नाय?

आणि तुमका एक सांगतंय, रागावू नको. तुमी मुंबय-पुण्याचे लोक गाडी घेवन येतास, बाटल्यो टाकतास, आणि मालक गेट लावता तो आमका पण लागता. चिखलातले तिसरे (शिंपले) काढूक गेलेल्या बायलांच्या पायात तुमची तुटलेली गरी घुसता. गरीक उलटो काटो असता, वडली तर मास घेवन येता. डॉक्टर खय तर तालुक्याक.

---

वहिवाट

खाडीतलो, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. सही करू नका.

कारण सांगते. सुखाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्कानं वापर झाला की खासगी जमिनीवरून वाटेचा हक्क मिळतो. कलम १८ मध्ये गावरूढीनं मिळणारे हक्कही आहेत. यात "हक्कानं" ही अट कळीची आहे. परवानगी घेऊन केलेला वापर हक्काचा ठरत नाही, ती मालकाची मेहरबानी ठरते आणि ती मालकाला सहसा केव्हाही काढून घेता येते. आजोबांपासूनची वाट तुम्ही त्या वहीत सही करून स्वतःच्या हातानं परवानगीची वाट करून टाकाल. वहीचा मजकूर कुणी तरी विचार करून लिहिलेला दिसतो.

बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांचं उलट आहे. तुमचा त्या वाटेवर वीस वर्षांचा वापर नाही, तुमची रूढी नाही. तुम्ही विचारूनच जायला हवं आणि वहीत सही केल्यानं तुमचं काही जात नाही. म्हणजे एकाच गेटवर दोघांसाठी दोन नियम आहेत. हे नीट समजून घ्या, कारण एरवी गळवाले मंडळी स्थानिकांना "सही करून टाका ना, कशाला वाद" असा सल्ला देताना मी ऐकलं आहे. त्या सल्ल्यानं त्यांचं नुकसान होतं.

आता उपाय. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेतरस्त्याच्या वादासाठी हा कायदा सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या मजकुरात शेत, झाडं आणि पिकांबरोबर मासेमारीच्या जागाही आहेत आणि तिथे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटाही आहेत. तहसीलदारांकडे अर्ज जातो, ते जागेची पाहणी करून अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. मुदत सहा महिन्यांची, अडथळा झाल्यापासून. मुदत गेली तर दिवाणी न्यायालय उरतं आणि तिथे किती काळ जातो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुरावा म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. जुन्या नकाशावर पायवाट तुटक रेघेनं दाखवलेली असेल तर अर्ध काम झालं. नसेल तर वयस्कर माणसांची प्रतिज्ञापत्रं, जुने फोटो, होडीची नोंदणी, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व.

---

खारभूमी

रायगडातून. आमच्याकडे कुंपणापेक्षा बांधाचा प्रश्न मोठा आहे. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खारबंदिस्ती असते. त्यावरून चालायला आम्ही कुणाला मनाई करत नाही, सगळं गाव त्यावरूनच जातं. पण जिताडा माशासाठी येणारे काही जण आमिषाला किडे हवेत म्हणून बांधाच्या आतल्या कुशीत खणतात. खेकड्याची बिळं उकरतात. बांधाला वीतभर भोक पडलं की उधाणाच्या भरतीला पाणी तिथूनच जोर करतं आणि सकाळपर्यंत बांध फुटून खांड पडते. एकदा खारं पाणी शिरलं की त्या शेतात पुढची दोन-तीन पिकं धड येत नाहीत.

उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्यांवर बसून गळ टाकणारेही असतात. पाणी सुटतं तिथे मासा लागतो हे खरं आहे. पण ओहोटीला उघाडी आपली आपण उघडते आणि भरतीला मिटते. तिथे दोर, काठी किंवा दगड अडकवून ठेवला की ती मिटत नाही. कृपा करून हे लिहून ठेवा. यात हक्काबिक्काचा प्रश्नच येत नाही, आमचं पोट आहे.

आणखी एक, टाकायला जागा हवी म्हणून तिवराच्या फांद्या छाटू नका. कांदळवन तोडणं हा गुन्हा आहे, जागा कुणाचीही असो. बंगलेवाल्यांनी भराव घालून तिवरं मारली तरी तोच गुन्हा. मग कांदळवन कक्षाकडे आणि महसूल खात्याकडे तक्रार करा, आम्ही पण सही करू.

---

मुळशीकर

गोड्या पाण्याचं थोडक्यात. धरणाचं पाणी सरकारचं असलं तरी मासे धरायचा ठेका बहुतेक जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यामुळे तिथे "पाणी सगळ्यांचं" हा मुद्दा चालत नाही. संस्थेकडे जाऊन विचारायचं, मागतील ते शुल्क भरायचं, पावती घ्यायची. मुळशीसारख्या तलावांचं आणखी वेगळं, धरण आणि काठाच्या बऱ्याच जमिनी वीज कंपनीच्या आहेत. त्याच जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. काठच्या गावांना ते अजून दुखतं, तिथे मालकीच्या गप्पा जपून मारा. शेततळं किंवा कोळंबी प्रकल्प खासगीच. त्यातला मासा मालकाचा, तो काढला तर सरळ चोरी.

कायदा सोडून एक जागा सांगतो. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मोठे मासे देवीचे मानतात, लोक त्यांना खायला घालतात, कुणी मारत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वरापाशी तसंच. अशा डोहांच्या वरच्या आणि खालच्या वळणावरही गळ टाकू नये. मासा डोहापुरता थांबत नाही आणि गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेलं आपण एका सकाळी ओढून न्यायचं, हे बरं नाही. महाशीर मासा आज ज्या थोड्या ठिकाणी टिकलाय त्यात हे डोह आहेत.

---

गल्फकाठ

टेक्सासमधून लिहितेय. ह्युस्टनहून गॅल्व्हेस्टनला आम्ही मासे धरायला जातो, म्हणून इथलं सांगावंसं वाटलं. टेक्सासमध्ये १९५९ पासून खुल्या किनाऱ्यांचा कायदा आहे. जिथून झाडोरा सुरू होतो त्या रेषेपर्यंतचा समुद्रकिनारा लोकांना वापरता येतो. मात्र वादळानं ती रेषा एका रात्रीत मागे सरकली तर काय, यावर मोठा खटला झाला. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा अचानक सरकलेल्या रेषेबरोबर लोकांचा हक्क आपोआप सरकत नाही.

कोकणातही समुद्र काठ खातोय. दर पावसाळ्यात कुणाची तरी माडाची रांग जाते. भरतीरेषा आत आली की काल खासगी असलेली वाळू आज कुणाची, हा प्रश्न तिथेही येणार. वहिवाटताई, यावर कधीतरी लिहा.

---

वहिवाट

गल्फकाठ, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, लिहीन. इथे एकच जुना निकाल जोडते, कारण नारळवाडी आणि खाडीतलो या दोघांच्याही म्हणण्याशी त्याचा संबंध आहे. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर मच्छीमारांच्या दोन गटांचा समुद्रातल्या खुंटांच्या जाळ्यांवरून वाद आला होता. न्यायालयानं म्हटलं, की समुद्रात मासे धरायचा हक्क सर्वांचा आहे, पण तो रास्तपणे वापरला पाहिजे, दुसऱ्याला तोच हक्क वापरता येणार नाही अशा रीतीनं नाही. म्हणजे कुणी पाग टाकत असेल, डोलीची जाळी लावली असेल, तर तिच्या तोंडाशी जाऊन गळ टाकणं ही नुसती असभ्यता नाही. तिथे तुमच्या हक्काचीच हद्द संपते.

---

नारळवाडी

गरवणारा, तुमचं उत्तर पटलं. आमच्या गेटाला आता कुलूप नाही, कडी आहे. गावातल्या माणसांना विचारायची गरज नाही, ती तशीही येतातच. बाहेरच्यांनी आदल्या दिवशी सांगावं, गाडी देवळापाशी ठेवावी आणि जाताना कडी लावावी, म्हणजे गुरं बाहेर जाणार नाहीत. इतकं झालं तर आमच्याकडून कधीच ना नाही.

---

गरवणारा

नारळवाडी, आभार. खाडीतलो, गऱ्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते मी आमच्या गटात वाचून दाखवलं. यापुढे खडकाळ किंवा तिसऱ्यांच्या चिखलात आम्ही काटा दाबून सपाट केलेली गरीच वापरणार. मासे थोडे जास्त सुटतील, चालेल. दोरी तुटली तर ओहोटीला परत जाऊन गरी शोधायची. तुमच्या वाटेच्या अर्जासाठी फोटो, छपाई, तालुक्याला ये-जा, जे लागेल ते सांगा. अर्जदार मात्र तुम्हीच व्हा, आमची नावं त्यात नकोत, त्यानं तुमची बाजू कमकुवत होईल.

---

खाडीतलो

सही केलंय नाय. वाडीतल्या सगळ्यांका सांगितलंय. गेट नारळी पुनवेच्या मागसून लागला, आता दत्तजयंती इली. सोसायटीचे जुने सभासद चार जण हत, ते लिवन देतीत.

---

वहिवाट

मग अजून वेळ आहे, पण फार नाही. गेट लागलं त्याची नेमकी तारीख आठवून कागदावर लिहा आणि तिला आधार शोधा, कुणाच्या फोनमध्ये त्या दिवसाचा फोटो असेल. गाव नकाशाची नक्कल आणि वरच्या जमिनीचा सातबारा या आठवड्यात काढा. चौघांची प्रतिज्ञापत्रं वेगवेगळी करा, सगळ्यांचा मजकूर एकसारखा नको, ज्यानं त्यानं आपल्या आठवणीतलं सांगावं. कागद जमले की मला इथे निरोप टाका, अर्जाचा मसुदा मी करून देते. फी नको.